डुकराचा केस

"तू तिथंच थांब. दाराच्या आत येऊ नकोस. आज पूजा आहे."

सर मराठीत बोलले. बाकीच्यांना कळू नये म्हणून मराठीत. पण मराठी न येणाऱ्यालाही हाताची खूण कळते. तळवा पुढं करून त्यांनी मला उंबऱ्याशी अडवलं. माझ्या मागून आलेले लोक अंग चोरून, मला न लागता, आत गेले.

नवरात्रातली नवमी. बंगळूरात त्या दिवशी आयुधपूजा असते. रिक्षावाला रिक्षा पुजतो, गिरणीवाला गिरणी. आमच्या प्रयोगशाळेत एक्स-रेचं मशीन पुजत. कपाटाएवढं मशीन, त्याला झेंडूचे हार, दोन बाजूंना केळीचे खुंट. मशीन चालू असलं की दारावर एक लाल दिवा लागायचा. त्या दिव्यालाही हळदकुंकू लावलं होतं.

सरांनी घरून तांब्याच्या गडूत गंगाजल आणलं होतं. मशीनवर दोन थेंब शिंपडले. मायक्रोस्कोपवर दोन. मग ते माझ्या स्टुलापाशी आले आणि गडू उपडाच केला. पाणी स्टुलावरून ओघळून फरशीवर साचलं. ज्या टेबलावर आम्ही रोज स्पिरिट फिरवून जंतू मारायचो, त्या टेबलावर तुळशीच्या पानानं पाणी शिंपडलं. हा माणूस जंतूंवर पुस्तकं लिहिलेला माणूस. मी दारातून बघत होते.

शेवटी कोहळा. वरून भोक पाडून आत कुंकू भरलेला. मशीनवरून ओवाळला आणि उंबऱ्यावर आपटला. लाल पाणी माझ्या पायांवर उडालं. मग सगळ्यांच्या हातात प्रसादाचे पुडे दिले. माझा पुडा वरून सोडला. ओंजळीत आला नाही, खाली त्या लाल पाण्यात पडला. मी वाकले नाही. तसाच राहू दिला.

श्रीनिधी माझ्यापेक्षा दोन वर्षं पुढं होता. लॅबमध्ये माझं बोलणं असायचं ते त्याच्याशीच. तो कोहळ्याच्या फोडींकडं बघत उभा राहिला. माझ्याकडं त्यानं बघितलं नाही.

माझा गुन्हा काय? एक केस. डुकराचा.

सांगते.

सर मल्लेश्वरमचे. घराणं मूळचं मराठी, पण पिढ्यान् पिढ्या तिथंच. घरात मराठी बोलत, निम्मी कन्नड मिसळून. मी निपाणीची. मुलाखतीला गेले तेव्हा माझं मराठी ऐकून सर खूश झाले. "अरे वा, आपल्याकडची पोर," म्हणाले. मला केवढं बरं वाटलं. अनोळखी शहर, तोंडात अडखळणारं इंग्रजी, आणि समोरचा मोठा माणूस म्हणतोय, आपल्याकडची. मी मूर्ख, मला वाटलं आपल्याकडची म्हणजे सीमाभागाकडची.

आमचं आडनाव गावावरनं पडलेलं. त्यावरून काही कळत नाही. सरांना जे समजायचं ते त्यांनी समजून घेतलं.

त्यांच्या घरी जाणंयेणं झालं. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, माझ्या केसात गजरा माळायच्या. "स्वल्प बस गं, ऊट करूनच जा," म्हणून जेवायला पानावर बसवायच्या. एकदा वाढता वाढता त्यांनी विचारलं, "तुमचं कुलदैवत कुठलं?" मी म्हणाले, जोतिबा. जोतिबा सगळ्यांचाच. काकूंनी मान डोलावली आणि आणखी भात वाढला. यानंतरचा प्रश्न कुठला असतो ते मला माहीत होतं. तो त्या दिवशी आला नाही. पण येणार होता. पुढचे कितीतरी महिने मी त्या घरात त्या प्रश्नाची वाट बघत जेवले.

लॅबमध्ये खिडकीपाशी एक स्टूल रिकामं असायचं. त्यावर कुणी बसत नसे. मी श्रीनिधीला विचारलं, हे कुणाचं?

"होता एक. रायचूरकडचा. हुशार होता."

"मग?"

"गेला."

"का?"

"होग्लि बिडु," तो म्हणाला. जाऊ दे. आणि उठून पाणी प्यायला गेला.

सर कधी ओरडत नसत. कुणाला रागावले, काढून टाकलं, असं तिथं कुणी ऐकलेलं नव्हतं. तरी सगळे त्यांना घाबरायचे. का ते मला पुढं कळलं.

आता कामाचं सांगते. जंतूच्या पेशीत आरएनएचे लांब लांब धागे तयार होतात. ते तसेच वापरता येत नाहीत. ते कापून, नीट करून घ्यावे लागतात. कापायला एक एंझाइम असतो. पण कापणाऱ्याला मोकाट सोडलं तर तो नको तेही कापत सुटेल. म्हणून दुसरं एक प्रथिन असतं, ते त्या कापणाऱ्याला धरून ठेवतं. किती कापायचं, कधी थांबायचं, हे त्याच्या हातात. ते कापणाऱ्याला नेमकं कुठं धरतं, त्याचा आकार कसा, हे तेव्हा कुणाला माहीत नव्हतं. ते शोधायचं काम माझ्याकडं होतं.

आकार बघायचा तर आधी त्या प्रथिनाचा स्फटिक लागतो. काचेच्या चकतीवर प्रथिनाचा थेंब ठेवायचा, चकती उपडी करून खळग्यावर बसवायची, कडेला ग्रीस लावून हवा बंद करायची. आणि थांबायचं. थेंब हळूहळू आटतो. नशिबात असेल तर त्यात स्फटिक उगवतो. माझ्या थेंबात उगवायचे, पण शेकड्यांनी. बारीक सुया. एकही कामाचा नाही.

अशा वेळी एक युक्ती करतात. त्या सुयांचा चुरा करायचा, त्यातून एक केस फिरवायचा आणि तोच केस ताज्या थेंबातून हलकेच ओढायचा. केसाला चिकटलेला कण बी म्हणून पडतो. केस मांजराच्या मिशीचा वापरतात. आमच्या लॅबमध्ये ती मिशी सरांच्या घरच्या मांजरीची असायची. गळलेल्या मिश्या काकू जपून ठेवत, कुंकवाच्या चांदीच्या डबीत. सर ती डबी आणत आणि स्वतःच्या हातानं एकेकाला मिशी देत. आम्ही दोन्ही हात पुढं करून घ्यायचो. हसू नका. तिथं कुणी हसत नसे.

मिशीनं माझं काम होईना. ती थेंबात वाकायची, जाईल तिथं बी सांडायची. पुन्हा सुयाच सुया.

दिवाळीत घरी गेले होते. आबा, माझे वडील, दुकानात बूट शिवत बसले होते. निपाणीच्या बाजारात त्यांचं चपला-बुटांचं दुकान. दुकान कसलं, फळकूट आणि वर पत्रा. बूट शिवताना ते दोऱ्याच्या टोकाला डुकराचा केस पिळून बसवतात. आरीनं पाडलेल्या बारीक भोकातून तो केस सरळ जातो, मागून दोरा येतो. लहानपणापासून बघत आलेले. त्या दिवशी मात्र बघत राहिले. ताठ केस. वाकत नाही.

"आबा, ह्यातला एक द्या मला."

"तुला कशाला गं?"

"कामाला."

त्यांनी पेटीतनं एक केस काढून दिला. मग इकडंतिकडं बघून आवाज खाली आणला. "घेऊन जा. पर कशाचा हाय, कुनाचा हाय, सांगू नगोस कुनाला. बाय माझी, सांगू नगोस."

मी तो उकळत्या पाण्यातून, स्पिरिटमधून काढला. काचेच्या कांडीच्या टोकाला मेणानं बसवला. थेंबातून ओढला तर सरळ रेघ. हात बसायला मात्र वेळ लागला. किती चुरा, किती पातळ, कितव्या थेंबात ओढायचं, सगळं चुकत चुकत शिकले. कित्येक महिने गेले. नवरात्र आलं आणि अष्टमीच्या सकाळी मायक्रोस्कोपखाली बघितलं तर थेंबाच्या मधोमध एकच स्फटिक. धारदार कडा. स्वच्छ. मी श्वास रोखून बसले. डोळ्यांतलं पाणी मायक्रोस्कोपच्या काचेवर पडेल म्हणून मागं झाले.

सगळी लॅब जमली. सर आले, त्यांनी बघितलं आणि किती तरी वेळ डोकं वर केलं नाही. तो माणूस कामाचा भुकेला होता, हे खोटं नाही. मग म्हणाले, "आमच्या मनीच्या मिशीनं केलं बघ." टेबलावरची माझी काचेची कांडी उचलली आणि डोळे मिटून दोन्ही डोळ्यांना लावली. आधी उजव्या, मग डाव्या. हत्यार आपल्याकडं डोळ्यांना लावतात तशी.

मग डोळे उघडले. केस जवळ धरून बघितला.

"ही मनीची नाही. जाड आहे. कशाचा केस?"

खोटं जिभेवर आलं होतं. दुसऱ्या मांजराचा, एवढंच म्हणायचं होतं. पण पद्धत विचारली की जशी केली तशी सांगायची, हे मला त्याच माणसानं शिकवलं होतं. शूरपणा वगैरे काही नाही. सवय.

"डुकराचा, सर."

"कुठून आणलास?"

"आबांच्या पेटीतनं. बूट शिवायला लागतो. आम्ही चांभार."

झालं. जेवढ्या महिन्यांची भीती होती ती सगळी एका दमात तोंडातून बाहेर पडली. सरांनी हातातली कांडी कचऱ्याच्या डब्यात टाकली. बेसिनपाशी गेले. हात धुतले, मग चष्मा काढून डोळे धुतले. पुन्हा धुतले. नळ बराच वेळ चालू होता आणि आम्ही सगळे तो ऐकत उभे होतो.

दुसऱ्या दिवशी आयुधपूजा.

केस कचऱ्यात गेला, मला उंबऱ्याबाहेर काढलं, स्टूल धुतलं. स्फटिक मात्र ठेवला. त्याला गंगाजल लागलं नाही. तो मशीनवर चढला, त्याची चित्रं निघाली, सरांनी ती चित्रं परगावच्या मित्रांना दाखवली. डुकराच्या केसानं पेरलेला, चांभाराच्या पोरीच्या हातचा स्फटिक शुद्ध होता. मी तेवढी अशुद्ध.

आमच्या घरीही नवमीला पूजा असते. आबा ऐरण मांडतात, आरी, रापी मांडतात आणि केसांची जुडी मांडतात. सगळ्यांना हळदकुंकू. मला पूजाअर्चेचं कौतुक नाही. पण आबांनी कधी कुठलं हत्यार पूजेतून वगळलं नाही.

त्यानंतर मला कुणी काही बोललं नाही. एकेक गोष्ट कमी होत गेली. आधी चहाच्या फळीवरचा माझा कप गेला. मग एक्स-रेच्या खोलीची किल्ली "जरा दुसऱ्याला लागतेय" म्हणून गेली. स्फटिकांच्या खोलीत मी शिरले की आतला माणूस काहीतरी आठवल्यासारखं करून बाहेर पडायचा. सर म्हणाले, "तू थोडे दिवस वाचन कर." मल्लेश्वरमच्या बाजारात काकू समोरून आल्या. मला बघितलं आणि केळीच्या गाडीकडं वळून केळी निवडत राहिल्या. मी पुढं जाईपर्यंत त्यांनी मान वळवली नाही. माझं स्टूल टेबलापासून सरकत सरकत एक दिवस खिडकीपाशी गेलं, त्या रिकाम्या स्टुलाच्या शेजारी. कुणी सरकवलं, विचारायची सोय नव्हती.

रायचूरकडचा तो कसा गेला असेल, ते मला तेव्हा समजलं. मी रोज ते रिकामं स्टूल बघायचे. कुणीतरी मानेवर हात ठेवून उभं आहे, दाबत नाही, नुसतं उभं आहे, असं वाटायचं. रडू यायचं आणि रडल्यावर स्वतःचाच राग यायचा.

पण एका स्फटिकावर भागत नाही. एक्स-रे खाऊन तो मरतो. नवे लागतात, पाऱ्याच्या क्षारात भिजवलेले वेगळे लागतात, तेव्हा कुठं आकार उलगडतो. श्रीनिधी बसला मनीची मिशी घेऊन. सुया. सर स्वतः बसले. सुया. परदेशातली एक लॅब त्याच प्रथिनाच्या मागं आहे अशी बातमी आली, तशी सरांची झोप उडाली. चांदीची डबी रिकामी व्हायची, भरून यायची. थेंबांत नुसता कचरा.

एक दिवस सरांनी मला आपल्या खोलीत बोलावलं. दार लावून घेतलं.

"तुझ्याकडे ते... साधन अजून आहे का?"

"कुठलं साधन, सर?"

"तेच गं. ते."

ताकाला आलात तर भांडं लपवू नका, हे अगदी ओठांवर आलं होतं. त्यांच्या तोंडून तो शब्द निघतो का, याची वाट बघत राहिले. निघाला नाही.

"आण," ते म्हणाले. "कुणाला सांगायची गरज नाही. थेंब श्रीनिधी लावेल, तू त्याला बाहेरून सांग कसं ओढायचं. पेपरात मांजराची मिशी असंच लिहू. केस तो केस. तुझं नाव असेल पेपरात. थिसिसही मार्गी लागेल."

म्हणजे स्टूल मिळणार नव्हतं. केस लपवायचा, हात लपवायचा, आणि नाव तेवढं मिळणार. बरं, तो पेपर वाचून कुणीतरी कुठंतरी मांजराची मिशी घेऊन बसेल. माझ्यासारखाच एखादा. महिनोन् महिने बसेल आणि त्याच्या थेंबात सुयाच उगवतील. त्याला वाटेल, आपलाच हात वाईट. हे सरांनाही कळत होतं. मला तोंडावर हाकललं होतं तेव्हा जेवढा राग आला नव्हता, तेवढा त्या खोलीत आला. तेव्हा मला वाटलं होतं, हा माणूस बाकी काहीही असो, कामाशी खोटं बोलत नाही. आता तेही उरलं नाही.

मी निपाणीला गेले. आबांना सगळं सांगितलं. ते काम थांबवून ऐकत होते.

"शिकाय गेलीस न्हवं? मग शिकून घे," ते म्हणाले. "गप ऱ्हा. त्येंची सही झाली की मग काय बोलायचं ते बोल. आमी जल्मभर गप ऱ्हायलोय, काय मेलो न्हाई."

बोलताना त्यांचं लक्ष रस्त्यावर होतं, कुणी ऐकतंय का. आबांची भीती मला कधी लाजिरवाणी वाटली नाही, पण त्या दिवशी ती माझ्या अंगात उतरायला लागली आणि मी झटकून उठले. म्हणाले, "तुम्ही मेला नाही आबा, पण तुमचा केस मात्र कचऱ्यात गेला." थोड्या वेळानं त्यांनी पेटी उघडली आणि अख्खी जुडीच माझ्या हातात ठेवली. तिच्यावर नवमीचं हळदकुंकू अजून होतं. मी पुसलं नाही.

बंगळूरला आले ती तशीच लॅबमध्ये गेले. सगळे होते. सर फळ्यापाशी उभे राहून काही समजावत होते. मी खिडकीपाशी गेले, माझं स्टूल उचललं आणि टेबलापाशी, होतं त्या जागी आणून ठेवलं. टेबलावर जुडी ठेवली.

"सर, हे डुकराचे केस," मी इंग्रजीत म्हणाले. सगळ्यांना कळावं म्हणून इंग्रजीत. "स्फटिक असल्याच केसानं आला होता. थेंब मी लावीन, इथं बसून. आणि पेपरात डुकराचा केस लिहायचा. बूट शिवणाऱ्याच्या पेटीतला, हेही लिहायचं."

सर माझ्याकडं नाही, त्या कुंकवाकडं बघत होते. मग मराठीत, अगदी हळू, जेवायला बसवताना बोलायचे त्याच आवाजात म्हणाले, "तुझ्या थिसिसवर कुणाची सही लागते, ठाऊक आहे ना तुला?"

"आहे."

"मग विचार कर."

"केला," मी म्हणाले. "म्हणून तर आले."

त्यांनी खडू खाली ठेवला आणि खोलीत गेले. दार लागलं. एकेक करून बाकीचेही उठले. श्रीनिधी जाताना माझ्यापाशी थांबल्यासारखा झाला. मग गेला. मी त्या टेबलापाशी एकटी बसून राहिले. एक्स-रेच्या दारावरचा लाल दिवा चालू होता.

सही झालेली नाही. होईल असं वाटत नाही. पुन्हा पहिल्यापासून, दुसऱ्या गाइडच्या हाताखाली, दुसऱ्या गावात करावं लागेल. तोवर स्कॉलरशिप संपेल, आबा थकतील, आणि परदेशातली ती लॅब पुढं जाईल तर जाईल. सर मिशी घेऊन बसलेले आहेत. त्यांनी कुणाकुणाला फोन केलेत, माझ्याबद्दल काय सांगितलंय, तेही माझ्या कानावर आलंय. जिथं जिथं अर्ज करते तिथून उत्तर येत नाही.

न आलं तर न आलं. जुडी माझ्याजवळ आहे. तेच प्रथिन, तोच थेंब, मीच पेरणार. मला बसू देतील तिथं बसून, नाही दिलं तर जागा करून घेऊन. तो आकार ज्या दिवशी माझ्या हातून जगापुढं येईल, त्याखाली डुकराचा केस लिहिलेला असेल आणि आबांचं नाव असेल. जिथं हे लिहू देणार नाहीत, तिथं मी माझं नावही लिहू देणार नाही.